आवाजाची काटछाट : हौस आणि मजुरी



चालकांचे पत्र हाती पडले तेव्हा आमची समजूत अशी झाली की, यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर बोलायचे आहे. त्या विषयावर आम्हांस झोपेतून उठवले तरी तासभर बोलता येते. परंतु पत्रात स्पष्ट लिहिले होते की, तरुणांनी छंदातून उपजीविका कशी करावी यावर बोला. छंद हा शब्द आमच्या पत्रव्यवहारात सहसा येत नाही. आमच्याकडे येणारा माणूस बोनस, ग्रॅच्युइटी, फंड हे शब्द घेऊन येतो. तरीही आम्ही होकार कळवला. कारण या विषयाचे एक प्रकरण आमच्या कचेरीच्या कपाटात फाइल होऊन पडले आहे, आणि ते अद्याप पुरते मिटलेले नाही.

इचलकरंजीतले एक माग कामगार, आमचे जुने सभासद, एके संध्याकाळी कचेरीत आले. बरोबर विशीतला मुलगा. मुलगा खाली मान घालून उभा, आणि बाप बोलत होता : “कॉम्रेड, पोरगं रात-रातभर कानाला झाकणं लावून बसतंय. काय करतंस म्हटलं तर म्हणतंय, दुसऱ्याचं बोलणं नीट करतोय. पैसं कोण देतंय म्हटलं, तर कुठली तरी कंपनी. आन् आता म्हणतंय, कंपनी पैसं देत न्हाई. ही कसली नोकरी म्हणायची?”

मुलाचे काम आम्हांस एका वाक्यात कळले, आणि त्याला याचे नवल वाटले. त्याला काय ठाऊक की, सोळाव्या वर्षी मागावर लागलेल्या या काकांना तरुणपणी तोच नाद होता! मुले त्याला ऑडिओ एडिटिंग म्हणतात. मुद्रित केलेल्या आवाजातले नको ते काढायचे, हवे ते ठेवायचे, आणि जोड कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही. एवढेच ते काम. मागावर ताणा तुटला की कारागीर गाठ मारतो आणि ती गाठ कापडात दिसली तर माल कमी भावात जातो. हे तसेच आहे.

हे काम पूर्वी हाताने होत असे. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात जर्मनांनी मॅग्नेटोफोन नावाचे यंत्र मांडले, त्यात चुंबकी फितीवर आवाज साठवला जाई. महायुद्ध संपल्यावर जॅक मलिन नावाच्या अमेरिकन सैन्यातील तंत्रज्ञाने अशी दोन यंत्रे सुटी करून, पन्नास फितींसह, पार्सलांनी आपल्या घरी पाठवली. घरी बसून ती जोडली, सुधारली. १९४७ साली बिंग क्रॉस्बी या गायकाने त्याला कामावर घेतले, कारण क्रॉस्बीला दर आठवड्याला रेडिओवर प्रत्यक्ष हजर राहून गाण्याचा कंटाळा आला होता. मलिन त्याचे कार्यक्रम फितीवर घेई आणि ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडी. घरच्या खटपटीतून पोटाचा धंदा होण्याचे यापेक्षा सरळ उदाहरण आम्हांस माहीत नाही. त्याला पैसे देणारा मनुष्य आळशी होता आणि श्रीमंत होता, हे त्याचे भाग्य.

पुढच्या काळात स्टुडिओतली फीत बहुधा सेकंदाला पंधरा इंच या गतीने धावे. म्हणजे बोलणाऱ्याने अर्धा सेकंद श्वास घेतला तर फितीवर साडेसात इंच, वीतभराहून थोडे कमी. संकलक शांतता बोटांनी मोजू शकत असे! काप सरळ न घेता तिरपा घेत, पंचेचाळीस अंशांत, म्हणजे एक आवाज हळूहळू सरे आणि दुसरा हळूहळू शिरे. आज संगणकावर मुले ‘क्रॉसफेड’ म्हणून जे बटण दाबतात, तो हाच तिरपा काप.

आपल्याकडेही माणसे अशीच घडली. कोल्हापूर आमच्यापासून फार लांब नाही. १९२९ साली तिथे प्रभात कंपनी निघाली. तिच्या भागीदारांपैकी विष्णुपंत दामले हे बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले, पडदे रंगवणाऱ्यांतले. बोलपट आला तेव्हा ध्वनिमुद्रणाची शाळा कुठे होती? दामल्यांनी ते खाते अंगावर घेतले आणि काम करता करता शिकले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ उभ्या महाराष्ट्राने ऐकला. पुढे प्रभात पुण्यास गेली, तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. तिथून ध्वनिशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ऑस्कर मिळाले. आता ते शिक्षण मिळते. परंतु ज्याला प्रवेश मिळत नाही, फी परवडत नाही, त्याच्यासाठी दामल्यांची वाट बंद झालेली नाही, हे सांगण्यासाठी आम्ही एवढे मागे गेलो.

उलट ती वाट स्वस्त झाली. अमेरिकेत एका विद्यापीठात दोघांनी मिळून ऑडॅसिटी नावाचे साधन तयार केले, ते २००० सालापासून कुणालाही फुकट मिळते. आमच्या त्या मुलाने सेकंडहँड संगणक घेतला, आठवडाबाजारातून नव्हे तर दुकानातून बरा हेडफोन घेतला, आणि गावातल्या एका कीर्तनकारबुवांची कीर्तने साफ करण्यापासून सुरुवात केली. पैसे नाहीत, बुवांनी प्रसाद दिला. याला हौस म्हणतात, आणि त्यात वाईट काही नाही.

आमची हौस याहून दरिद्री होती. १९९० साली आम्ही दोन खणांचा कॅसेट डेक हप्त्याने घेतला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते आणि ती अरुंद, नाजूक; तिच्यावर ब्लेड कुठले चालणार? आम्ही एका खणात मूळ कॅसेट लावायचो, दुसऱ्यात कोरी, आणि पॉजचे बटण दाबून-सोडून नको तो भाग गाळायचो. संघटनेच्या सभांची भाषणे अशी ‘सुधारून’ आम्ही वाड्यावाड्यांवर वाजवत असू. एकदा पुढाऱ्यांचे भाषण रंगात आले असताना मागून एका कामगाराने ओरडून विचारले की, गेल्या खेपेच्या वर्गणीचा हिशेब कधी मांडणार? पुढारी क्षणभर थांबले. आम्ही तो प्रश्न आणि ते थांबणे दोन्ही गाळले. जोड इतका सफाईदार झाला की आम्हीच आमच्यावर खूश! मूळ कॅसेटवर पुढे दुसरी सभा भरली. तो कामगार आज हयात नाही, आणि त्या सभेत हा प्रश्न विचारला गेला याचा पुरावा आमच्या हाताने नाहीसा झाला. हे काम शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही ही गोष्ट सांगतो. मूळ मुद्रण जपून ठेवावे. आणि खोकला गाळणे व माणूस गाळणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने बटणाला हात लावू नये.

आता कसबाविषयी थोडे, कारण लोकांना वाटते की यंत्र सगळे करते. शांतता म्हणजे रिकामी जागा, अशी नवशिक्याची समजूत असते. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते : पंखा, रस्ता, भिंतीवरून परतणारा बारीक ध्वनी. खोकला कापून तिथे कोरी शांतता ठेवली तर ऐकणाऱ्याला खड्डा जाणवतो. म्हणून जाणकार मुद्रण करतानाच अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीचा आवाज घेऊन ठेवतो आणि त्याची ठिगळे वापरतो. श्वासांचेही तसेच. सगळे श्वास काढले की बोलणारा माणूस उरत नाही. अर्धा श्वास कापला की ऐकणाराच गुदमरतो.

आणि आपल्या मराठीची एक मौज ऐका. ‘पक्का’ म्हणताना दोन क-कारांमध्ये हवेची वाट क्षणभर बंद होते, तिथे खरोखर काही आवाज नसतो. शांतता आपोआप गाळणारे यंत्र फार कडक लावले, तर ते ही फट रिकामी समजून आवळते, आणि ‘पक्का’चा ‘पका’ होतो, ‘पत्ता’चा ‘पता’. ज्याच्या कानावर मराठी नाही त्याला हे कळतही नाही. आमच्या मुलाने हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. एका कादंबरीच्या मुद्रणात ‘सत्ता’ शब्द बिघडलेला ऐकून त्याने शोधून काढले. बापाने तीस वर्षे मागाच्या आवाजावरून धोटा कुठे अडकतो ते ओळखले. पोराचा कान त्याच घरातला आहे.

तर असा हा कसबी मुलगा, आणि त्याचे पैसे अडकलेले. आम्ही म्हटले, “वही दाखव.” तो म्हणाला, “काका, वही नाही. सगळं मोबाईलवर आहे.” आम्ही त्याला समोर बसवून दोन रात्री मोबाईलवरून वही तयार केली. 

ऐकायच्या पुस्तकांचे काम होते. पुस्तक वाचणारा मनुष्य आपल्या घरी वाचून मुद्रण पाठवी, हा ते साफ करी, जोडी, कंपनीला देई. दर ठरला होता तयार तासाला सहाशे रुपये. ऐकायला बरा वाटतो. परंतु तयार तास म्हणजे श्रोत्याला ऐकू येणारा तास, कामाचा नव्हे. वाचणारा अडखळतो, परत वाचतो, पाणी पितो, कुत्रे भुंकते. आमच्या हिशेबाने त्या मुलाला एका तयार तासामागे सहा तास बसावे लागत होते. म्हणजे तासाला शंभर रुपये, आणि संगणक, वीज, इंटरनेट त्याचेच. चाळीस तयार तासांचे चोवीस हजार व्हायला हवे होते. कंपनीने अकरा तास ‘दर्जा नाही’ म्हणून नापास केले आणि सतरा हजार चारशे दिले. भागून पाहा : तासाला साडेबहात्तर रुपये.

आमच्या गावात खर्चीवाला यंत्रमागधारक असतो. माग त्याचे, शेड त्याची, वीजबिल त्याचे. सूत व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचे. त्याला मिळते मीटरमागे पिकाप्रमाणे मजुरी. लोक त्याला मालक म्हणतात, तोही स्वतःला मालक म्हणवतो, आणि मंदी आली की पहिला तोच मरतो. या मुलाला कंपनी ‘क्रिएटिव्ह पार्टनर’ म्हणत होती. आम्ही त्याला म्हटले, बाळ, तू खर्चीवाला आहेस. नाव कळले की दुखणे अर्धे कळते.

आता ते नापास केलेले अकरा तास. त्यांत एका कादंबरीचा नववा भाग होता. कंपनीचा शेरा असा की, पाठीमागे पक्ष्याचा आवाज येतो. शेरा खोटा नव्हता. वाचणाऱ्याच्या घराबाहेर कोकिळ ओरडला होता, आणि तो नेमका एका शब्दावर ओरडला होता. पक्षी काढावा तर शब्द मोडतो, म्हणून मुलाने विचार करून तो ठेवला होता. असो. दर्जाविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु दोन महिन्यांनी मुलाने मित्राच्या मोबाईलवर तेच पुस्तक लावले, नववा भाग काढला, आणि त्या शब्दावर तोच कोकिळ ओरडला! नापास केलेला माल त्यांनी जसाच्या तसा बाजारात लावला होता. 

हे ऐकले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे निपाणीच्या बिडी कामगार भगिनी उभ्या राहिल्या. बिडीची मजुरी हजारावर असते. ठेकेदार मोजताना काही बिड्या वाईट म्हणून बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे बाईला मिळत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी छाटीच्या बिड्याही बाईला परत मिळत नाहीत. त्या जातात कुठे, हे विचारायचे नसते. इथे पान नाही, तंबाखू नाही, कंपनीचा मनुष्य कुणी पाहिलेला नाही. पण छाट तीच.

कायद्याचे म्हणाल तर ते असे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, ते साफ करणारा नव्हे. संकलकाला त्या मालावर हक्क नाही. त्याच्यापाशी आहे ती फक्त मजुरी, आणि म्हणून मजुरीचा कागद हवा. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे : नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एकटा मनुष्य, घरी बसून सेवा देणारा, तोही यात नोंदवू शकतो. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि ती फुकट आहे. आम्ही मोठ्या उत्साहाने मुलाला घेऊन वकिलांकडे गेलो. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला : नोंदणी कामाच्या आधीची आहे काय? नव्हती. हौसेने काम करणारा मनुष्य नोंदणी कशाला करील! त्यांनी सांगितले, जुन्या बिलाला याचा उपयोग होणे कठीण. इथे बसलेल्या ज्या तरुणांना आमचे बाकी भाषण कंटाळवाणे वाटले असेल, त्यांनी एवढे एक काम मात्र उद्या सकाळी करावे.

मग आम्ही संघटनेचा जुना मार्ग धरला. त्या कंपनीचे काम आणखी कोण करतो, ते शोधायला मुलाला सांगितले. महिन्याभरात निरनिराळ्या गावांतले सहा जण सापडले. सगळ्यांची छाट निघाली होती आणि प्रत्येकाला वाटत होते की आपलेच काम कच्चे. ते एकमेकांना कधी भेटले नव्हते. सातांनी मिळून एक पत्र लिहिले. त्यात शिव्या नव्हत्या. नापास भागांची यादी, ते कुठल्या तारखेला विक्रीस लागले त्याची नोंद, आणि कोकिळाचा मिनिट-सेकंद. हिशेब होईपर्यंत हातातले नवे भाग रोखून धरले. एका लोकप्रिय पुस्तकाचे शेवटचे तीन भाग त्यांच्यापैकी दोघांकडे होते, हा योगायोग आमच्या उपयोगी पडला. तिसऱ्या आठवड्यात पैसे येऊ लागले. आमच्या मुलाला अकरांपैकी नऊ तासांचे पाच हजार चारशे मिळाले. 

त्यानंतर ते सातही जण काम घेण्यापूर्वी चार ओळी लिहून घेतात. मोबाईलवरचा संदेश असला तरी चालतो. तयार तासाबरोबर कच्च्या मुद्रणाचे तासही त्यांत असतात. नापास करायचे तर सात दिवसांत, कारण देऊन. नापास केलेला माल वापरला तर पैसे पूर्ण. आणि शेवटी नाव घालायचे. नावाच्या अटीवर दोन गिऱ्हाइके गेली. मुलगा हळहळला. आम्हांसही वाईट वाटले, खोटे कशाला बोला.

बापाचा खरा प्रश्न निराळाच होता : “हे किती दिस चालायचं?” त्याला आम्ही छातीठोक उत्तर देऊ शकलो नाही. आता आवाज साफ करणारी कृत्रिम बुद्धीची यंत्रे आली आहेत. पंख्याची घरघर ती एका मिनिटात काढतात, ज्याला पूर्वी अर्धी रात्र जाई. साध्या मागाच्या जागी बिनधोट्याचे माग आले तेव्हा आम्ही हेच पाहिले : यंत्र आले म्हणून माणूस एकदम जात नाही, आधी त्याचा दर पाडला जातो. म्हणून मुलाने रोजची नोकरी लगेच सोडू नये असे आम्ही म्हटले. एका सूत व्यापाऱ्याकडे तो हिशेब लिहीत होता. सहा महिन्यांची वही बघू, त्यात ओळीने सहा महिने घरखर्चापुरते आले तर सोड. आठव्या महिन्यात त्याने नोकरी सोडली. बाप चार दिवस त्याच्याशी बोलला नाही.

एक गोष्ट राहिली, ती कानाची. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. मागाच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर जातो, हे आम्हांस कुणी मोजून सांगायला नको, कारण आमच्या डाव्या कानाला आता कमी ऐकू येते. हेडफोन लावला म्हणजे कान सुरक्षित, असे मुलांना वाटते. शेजारी माग चालू असला की हेडफोनचा आवाज आपोआप वाढवला जातो, आणि दोन्ही बाजूंनी मार बसतो. हा मुलगा बारीक काम आता मागाच्या सुट्टीच्या दिवशी करतो आणि तासाभराने उठून गल्लीतून फेरी मारतो. कान हे त्याचे हत्यार आहे. ब्लेड नवे मिळते.

कीर्तनाचे काम त्याने सोडलेले नाही. बुवांकडून तो अजूनही पैसे घेत नाही. परंतु त्याचेही तास आता वहीत वेगळ्या पानावर लिहितो. आम्ही विचारले, फुकटाचे तास कशाला लिहितोस? तो म्हणाला, “काका, किती फुकट केलं ते मला कळायला नको?” आमच्या त्या जुन्या सभेची गाळलेली कॅसेट त्याने मागून नेली होती. ऐकून परत दिली आणि म्हणाला, जोड सापडला. पुढाऱ्यांच्या खोलीची शांतता... म्हणजे मैदानाची, दोन्हीकडे वेगळी आहे.

कंपनीकडे दोन तासांचे बाराशे रुपये अजून येणे आहेत. गेल्या महिन्यात आम्ही सातवे पत्र टाकले. त्याची पोच आली आहे.